अमेरिकेतील शाळकरी वाचनमंडळे

अमेरिकेतील अनेक प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीची मुले आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार, पाच-पाच जणांची कोंडाळी करून बसतात. प्रत्येक गटाची कादंबरी वेगळी असते आणि गटातल्या प्रत्येकाकडे त्या कादंबरीची प्रत असते. ठरलेली पाने आधीच वाचून झालेली असतात आणि बोलण्याजोग्या जागी चिकटचिठ्ठ्या लावलेल्या असतात. मग वीस-तीस मिनिटे मुले आपसांत त्या पुस्तकाविषयी बोलतात. शिक्षक गटागटांतून फिरतो, ऐकतो, टिपणे घेतो, पण चर्चा चालवत नाही. ‘लिटरेचर सर्कल’ या नावाने ही पद्धत १९८०च्या दशकात रुजली. मराठीत तिला वाचनमंडळ म्हणता येईल. पद्धत नवी असली तरी तिच्यामागचा वाद जुना आहे. वाचलेल्या मजकुराविषयी प्रश्न कोणी विचारायचा, शिकवणाऱ्याने की वाचणाऱ्याने, या एका मुद्द्याभोवती अमेरिकेतील वाचनशिक्षण दीडशे वर्षे फिरत राहिले.

पाठ म्हणण्यापासून गट पाडण्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शाळेत वाचन म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणे. १८३६ पासून सिनसिनाटीहून निघू लागलेल्या विल्यम होम्स मॅगफी यांच्या वाचनमालेने दोन-तीन पिढ्या घडवल्या. त्यांत नीतिकथा, भाषणांचे उतारे, कविता आणि बायबलमधील वेचे असत. मुलाने उभे राहून वाचायचे आणि शिक्षकाने उच्चार, विराम व आवाजातील चढउतार सुधारायचे, असा तास चाले. अर्थाविषयी प्रश्न पुस्तकातच छापलेले असत आणि त्यांची उत्तरेही ठरलेली असत. कादंबरीला या वर्गात जागा नव्हती. कोवळ्या वयात कादंबऱ्या वाचल्याने मन बिघडते, असे त्या काळातील अनेक धर्मोपदेशक आणि शिक्षक मानत.

विसाव्या शतकात पाठांतराचा जोर ओसरला आणि श्रेणीबद्ध वाचनमाला आल्या. ‘स्कॉट, फोर्समन’ या प्रकाशनसंस्थेच्या मालेत १९३० पासून डिक आणि जेन ही भावंडे झळकली आणि १९६०च्या दशकापर्यंत टिकली. वाचनतज्ज्ञ विल्यम ग्रे हे या मालेमागचे प्रमुख अभ्यासक होते. मोजकी शब्दसंख्या, त्याच शब्दांची पुनरावृत्ती आणि चित्रांचा आधार ही या मालांची वैशिष्ट्ये. प्रत्येक पाठासोबत शिक्षकासाठी मार्गदर्शिका येई. कोणता प्रश्न कधी विचारायचा आणि मुलाकडून कोणते उत्तर यायला हवे, हे तिच्यात लिहिलेले असे. वाचनगट याही काळात होते, पण ते कुवतीनुसार पाडलेले. हुशार, मध्यम आणि कच्चे अशा तीन गटांना पक्ष्यांची किंवा रंगांची नावे देत. कोणता पक्षी कोणत्या पायरीवर बसतो, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळे. गटाने शिक्षकासमोर बसायचे आणि पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायचा, एवढेच त्या गटाचे काम होते.

या व्यवस्थेतला दोष रिचर्ड ॲलिंग्टन या अभ्यासकाने १९७७ पासूनच्या लेखनात दाखवून दिला. कच्च्या गटातील मुले तासाभरात फारच थोडा मजकूर वाचत आणि त्यांना शिक्षक मध्येच अधिक वेळा थांबवत. ज्यांना वाचनाची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी वाचन येत होते.

चर्चा एकीकडे, निवड दुसरीकडे

मंडळाला लागणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे पुस्तकावरची खरी चर्चा आणि पुस्तक निवडण्याची मोकळीक, अमेरिकन शाळेत वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

चर्चेची वाट प्रौढांच्या वाचनातून आली. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि तत्त्वज्ञ मॉर्टिमर ॲडलर यांनी १९४७ साली ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ स्थापन केले. सामान्य नागरिकांनी अभिजात ग्रंथ वाचून एकत्र बसून चर्चा करावी, हा या संस्थेचा हेतू होता. १९६२ मध्ये संस्थेने मुलांसाठी ‘ज्युनियर ग्रेट बुक्स’ सुरू केले. चर्चा चालवणाऱ्यांत प्रशिक्षण घेतलेले पालक-स्वयंसेवकही असत. चालकाने फक्त प्रश्न विचारायचे आणि तेही असे, की ज्यांचे एकच एक उत्तर त्याच्याकडेही नाही, हा या पद्धतीचा कणा होता. शाळेच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. तरी कथा संस्थेने निवडलेली असे आणि प्रश्न मोठ्या माणसाचाच राही.

निवडीची वाट जेनेट व्हीच यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी दाखवली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी वैयक्तिक वाचनाचा पुरस्कार केला. त्यांच्या मते प्रत्येक मुलाने स्वतःचे पुस्तक स्वतः निवडावे, आपल्या वेगाने वाचावे आणि शिक्षकाने अधूनमधून त्याच्याशी एकट्याशी बोलावे. इथे निवड पूर्णपणे मुलाची होती, पण वाचलेले वाटून घ्यायला सोबती नव्हता. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी सवडीने बोलणे शिक्षकालाही कठीण जाई.

दोन्ही वाटा एकत्र यायला आणखी एका साध्या गोष्टीची गरज होती, ती म्हणजे एकाच कादंबरीच्या पाच-सहा प्रती. कापडी बांधणीच्या महागड्या पुस्तकांत ते परवडणारे नव्हते. ‘स्कोलॅस्टिक’ कंपनीने १९५७ मध्ये चौथी ते सहावीच्या मुलांसाठी ‘ॲरो बुक क्लब’ काढला. मुले वर्गात छापील पत्रकावर खुणा करून काही सेंटांत कागदी बांधणीची पुस्तके मागवू लागली. पुढे वर्गाच्या मागणीच्या प्रमाणात शिक्षकाला मोफत पुस्तके मिळू लागली आणि त्यातून वर्गाच्या कपाटात एकेका कादंबरीचे संच साठत गेले. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने शालेय ग्रंथालयांना केंद्राचा निधी खुला केला आणि पहिल्या वर्षासाठी दहा कोटी डॉलरची तरतूद झाली. त्याच वर्षी नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकन बालसाहित्यात गोऱ्या मुलांखेरीज कोणी जवळजवळ दिसतच नाही, हे एका गाजलेल्या लेखात मांडले. पुस्तके वाढली आणि ती कोणाची असावीत, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर वाढला.

वाचकाचा वाटा

मुलाच्या बोलण्याला प्रतिष्ठा देणारा विचार वर्गाबाहेर तयार होत होता. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या ग्रंथात मांडले, की साहित्यकृतीचा अर्थ पानावर तयार पडलेला नसतो. वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीतून तो घडतो. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी वाचनाच्या दोन रीती वेगळ्या केल्या. माहिती गाठीशी बांधण्यासाठी केलेले वाचन ही एक आणि वाचता वाचता येणारा अनुभव जगण्यासाठी केलेले वाचन ही दुसरी. शाळा कवितेलाही पहिल्याच रीतीने वागवते, अशी त्यांची तक्रार होती. एका शालेय स्वाध्यायपुस्तिकेत कवितेखाली विचारलेला ‘या कवितेतून कोणती तथ्ये कळतात?’ हा प्रश्नच त्यांनी १९८० मध्ये आपल्या एका लेखाचे शीर्षक केले.

याच सुमारास वर्गातील संभाषणाचा बारकाईने अभ्यास सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ ह्यू मेहान यांनी १९७९ च्या ग्रंथात दाखवले, की वर्गातील बोलण्याला तीन पावलांची ठरीव चाल असते. शिक्षक प्रश्न विचारतो, मूल उत्तर देते आणि शिक्षक ते बरोबर की चूक ते सांगतो. घरी किंवा अंगणात कोणी असे बोलत नाही. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असे प्रश्न बहुधा शाळेतच विचारले जातात. १९७८ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांचे निवडक लेखन ‘माइंड इन सोसायटी’ या नावाने इंग्रजीत आले आणि मूल आधी इतरांसोबत विचार करते, मग एकट्याने, हे त्यांचे म्हणणे अमेरिकन शिक्षकांपर्यंत पोहोचले. ॲनमरी पालिन्सर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये हे म्हणणे वर्गात उतरवणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अंदाज बांधणे, प्रश्न काढणे, अडलेले उलगडणे आणि सारांश सांगणे ही चार कामे मुले आलटून पालटून शिक्षकाच्या जागी बसून करत. वाचनात मागे पडलेल्या मुलांचे आकलन यामुळे सुधारल्याचे त्यांना आढळले.

फिनिक्समधील वर्ग

वाचनमंडळाचा आरंभ म्हणून शिक्षक ज्या घटनेकडे बोट दाखवतात, ती ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरातली आहे. १९८२ मध्ये तेथील प्राथमिक शिक्षिका कॅरन स्मिथ यांना एका सहकाऱ्याकडून कादंबऱ्यांचा खोका मिळाला. त्यांनी तो वर्गात मागे ठेवून दिला. काही मुलांनी त्यातली पुस्तके वाचू का, असे विचारले. मुलांनी स्वतःच गट केले, पुस्तके वाटून घेतली आणि वाचून झालेल्या भागावर बोलायला सुरुवात केली. स्मिथ यांनी जवळ बसून ऐकले, तेव्हा त्या बोलण्याची खोली पाहून त्या चकित झाल्या. प्रश्न कोणी दिले नव्हते आणि उत्तरे तपासायला कोणी बसले नव्हते, तरी मुले पात्रांच्या वागण्याची कारणे शोधत होती.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील राल्फ पीटरसन आणि मेरिॲन ईड्स यांनी अशा गटांचा अभ्यास पुढे नेला. ईड्स आणि डेबोरा वेल्स यांनी १९८९ मध्ये पाचवी-सहावीच्या साहित्यगटांवरील निबंध प्रसिद्ध केला. शाळेतील नेहमीची प्रश्नोत्तरे ही सौम्य उलटतपासणी असते आणि तिच्या जागी दिलखुलास संवाद यायला हवा, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी पीटरसन व ईड्स यांचे ‘ग्रँड कॉन्व्हर्सेशन्स’ हे छोटेखानी पुस्तक आले आणि शिक्षकांच्या हातोहाती फिरले. दरम्यान १९८८ मध्ये जेरोम हार्स्टी, कॅथी शॉर्ट आणि कॅरोलिन बर्क यांच्या पुस्तकाने ही पद्धत ‘लिटरेचर सर्कल’ या नावासह लेखन-वाचनाच्या एकूण अभ्यासक्रमात बसवून दाखवली. मिशिगनमध्ये टॅफी राफेल आणि सुझन मॅक्मॅहन यांनी ‘बुक क्लब’ नावाने तिची वेगळी घडी बसवली. त्यांच्याकडे वाचन, लेखन, लहान गटातील चर्चा आणि शेवटी सगळ्या वर्गाचे एकत्र बोलणे असे चार भाग असत.

या प्रसाराला अनुकूल वारे वाहत होते. मुलांना तुकडे केलेल्या पाठांऐवजी अखंड पुस्तके द्यावीत, असे मानणारी ‘होल लँग्वेज’ चळवळ १९८०च्या दशकात जोरात होती आणि केनेथ गुडमन तिचे प्रमुख प्रवक्ते होते. कॅलिफोर्नियाने १९८७ च्या भाषा-अभ्यासक्रमात साहित्याला केंद्रस्थान दिले.

कादंबऱ्याही मिळत होत्या. कॅथरीन पॅटर्सन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’मध्ये (१९७७) जिवलग मैत्रिणीच्या आकस्मिक मृत्यूला एक मुलगा सामोरा जातो. नॅटली बॅबिट यांच्या ‘टक एव्हरलास्टिंग’मध्ये (१९७५) अमर होण्याची संधी समोर असताना ती घ्यावी का, असा पेच आहे. गॅरी पॉल्सन यांच्या ‘हॅचेट’मधला (१९८७) तेरा वर्षांचा ब्रायन विमान कोसळल्यावर कॅनडाच्या रानात एकटा तग धरतो. लोइस लाउरी यांच्या ‘नंबर द स्टार्स’मध्ये (१९८९) जर्मनव्याप्त डेन्मार्कमधील एक कुटुंब मुलीच्या ज्यू मैत्रिणीला वाचवते. खोटे बोलणे कधी योग्य ठरते, मित्र गेल्यावर स्वतःला दोष का द्यावासा वाटतो, कायम जगण्यात वाईट ते काय, असे प्रश्न या कथांतून आपोआप निघतात. वर्गात त्या वारंवार निवडल्या गेल्या याचे कारण यातच आहे. दहा वर्षांच्या मुलाला त्या वाचता येतात, पण एका बैठकीत त्यांचा निकाल लागत नाही.

भूमिकापत्रके आणि त्यांची गोची

मंडळाला देशभर ओळख मिळाली ती हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४ च्या ‘लिटरेचर सर्कल्स’ या पुस्तकामुळे. डॅनियल्स यांनी शिकागो आणि परिसरातील शिक्षकांबरोबर काम केले होते. त्यांनी पद्धतीची ओळखचिन्हे नेमकी सांगितली. पुस्तक मुलांनी निवडायचे. गट तात्पुरते असायचे आणि ते कुवतीवर नव्हे, तर पुस्तकाच्या निवडीवर बनायचे. वेगवेगळे गट वेगवेगळी पुस्तके वाचतील. बैठका ठरल्या वेळी नियमाने व्हायच्या. चर्चेचे विषय मुलांकडून यायचे. शिक्षक साहाय्यक राहील. पुस्तक संपले की गट वाचलेले इतरांना सांगतो आणि मोडतो.

निवडीची रीतही ठरून गेली. शिक्षक पाच-सहा कादंबऱ्यांची थोडक्यात ओळख करून देतो. मुले पुस्तके हाताळतात, पहिले पान चाळतात आणि पसंतीचा पहिला, दुसरा, तिसरा क्रम चिठ्ठीवर लिहून देतात. त्या चिठ्ठ्यांवरून गट पाडले जातात. मग गट पुस्तकाची पाने बैठकांमध्ये वाटून घेतो आणि कोणत्या दिवसापर्यंत कुठवर वाचायचे, हे मुलेच कॅलेंडरवर नोंदवतात. वाचन कच्चे असलेल्या मुलाला हवे ते पुस्तक घेता यावे म्हणून काही वर्गांत ध्वनिफिती किंवा जोडीदाराचा आधार देत. जुन्या तीन पायऱ्यांच्या गटांपेक्षा मोठा फरक इथे होता, कारण आता मूल कोणत्या गटात आहे यावरून त्याची कुवत कळत नसे.

डॅनियल्स यांच्या पुस्तकातील सर्वांत लोकप्रिय गोष्ट ठरली ती भूमिकापत्रके. मुलांना एकदम चर्चा करा म्हटले तर ती गप्प बसतात किंवा भरकटतात, म्हणून सहकारी अध्ययनाच्या धर्तीवर प्रत्येकाला एक काम दिले जाई. एक जण चर्चा चालवणारा, तो खुले प्रश्न काढून आणी. एक जण मोठ्याने वाचण्याजोगे उतारे निवडणारा, एक जण कथेचा स्वतःच्या जगण्याशी धागा जोडणारा, एक जण चित्र काढून आणणारा. कुणी अवघड शब्द शोधे, तर कुणी सारांश सांगे. प्रत्येक बैठकीला कामे बदलत.

पत्रके छापायला सोपी आणि तपासायला सोयीची होती, त्यामुळे ती वेगाने पसरली. पुष्कळ वर्गांत मात्र चर्चेच्या जागी पत्रकवाचन सुरू झाले. एकाने आपला सारांश वाचायचा, दुसऱ्याने आपले शब्द वाचायचे, तिसऱ्याने चित्र दाखवायचे आणि बैठक आटोपायची. प्रश्न मुलांकडे सोपवण्यासाठी आणलेले साधन पुन्हा स्वाध्यायपुस्तिका बनले. डॅनियल्स यांनी २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत याची दखल घेतली. पत्रके ही सुरुवातीपुरती होती, असे सांगून त्यांनी वाचनवही, पानावरच्या खुणा आणि चिकटचिठ्ठ्या यांवर भर दिला. वाचताना जिथे अडले, हसू आले किंवा पटले नाही, तिथे मुलाने चिठ्ठी लावायची आणि बैठकीत तिथून बोलायला लागायचे.

मुलांमधली उतरंड आणि परिणामांची तपासणी

शिक्षक बाजूला झाला म्हणजे गटात समता येतेच असे नाही, हे १९९०च्या दशकातील वर्गनिरीक्षणांनी दाखवले. लोकप्रिय मुलाच्या मताला वजन येई, शांत मुलीचा मुद्दा ऐकलाच जात नसे. मैदानावरची भांडणे पुस्तकाच्या चर्चेत उतरत. सिंथिया लुईस यांनी पाचवी-सहावीच्या एका वर्गाचा दीर्घ अभ्यास करून २००१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वय, लिंग, घरची परिस्थिती आणि वर्गातील पत यांचा चर्चेवर कसा परिणाम होतो, हे तपशिलाने मांडले. यातून शिक्षकाचे काम नव्याने ठरले. एकमेकांचे म्हणणे पुरे ऐकणे, मुद्दा खोडताना पुस्तकातील जागा दाखवणे, गप्प असलेल्याला बोलते करणे हे मुलांना आधी शिकवावे लागते. अनेक शिक्षक त्यासाठी एका गटाला मधे बसवून बाकी वर्गाला भोवती उभे करतात आणि चर्चेत काय जमले, काय नाही, हे सर्वांना पाहू देतात.

चर्चेने आकलन खरेच वाढते का, याचा मोठा धांडोळा कॅरन मर्फी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये घेतला. चर्चेच्या वेगवेगळ्या पद्धतींवरील उपलब्ध संशोधन त्यांनी एकत्र तपासले. अनेक पद्धतींत मुलांचे बोलणे वाढते आणि शिक्षकाचे कमी होते, हे स्पष्ट झाले. मात्र बोलणे वाढले म्हणून आकलन आणि तर्कही वाढतात, असे सरसकट आढळले नाही. चिकित्सक विचार वाढवणाऱ्या पद्धती थोड्याच निघाल्या. मुलांना मोकळे सोडणे पुरेसे नाही, चर्चेचा हेतू आणि तिचे शिस्तशीर शिक्षण लागते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष ठरला.

धोरणांचे हेलकावे

१९९०च्या दशकाच्या मध्यास ‘होल लँग्वेज’ चळवळीला उतार लागला. राष्ट्रीय चाचणीत कॅलिफोर्नियाची कामगिरी खालावलेली दिसली आणि राज्याने अक्षर-ध्वनींच्या पद्धतशीर शिक्षणाकडे मोर्चा वळवला. संसदेच्या सूचनेवरून नेमलेल्या ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने २००० साली अहवाल दिला आणि ध्वनिजाणीव, अक्षर-ध्वनी संबंध, वाचनाचा ओघ, शब्दसंग्रह व आकलन या पाच अंगांवर भर दिला. २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा झाला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी चाचण्या आल्या आणि वेळापत्रकातील वाचनमंडळाचा तास अनेक शाळांत चाचणीच्या तयारीकडे गेला.

२०१० च्या ‘कॉमन कोअर’ मानकांनी पारडे थोडे फिरवले. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या या मानकांत बालवर्गापासूनच सहकाऱ्यांबरोबर चर्चा करण्याचे कौशल्य स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. वाचून तयार येणे, दुसऱ्याच्या मुद्द्यावर आपला मुद्दा उभा करणे आणि त्यासाठी मजकुरातून पुरावा देणे, अशा अपेक्षा वरच्या प्राथमिक वर्गांना लागू झाल्या. वाचनमंडळाला त्यामुळे अभ्यासक्रमात अधिकृत आधार मिळाला. अलीकडे अडचण दुसऱ्या बाजूने आली आहे. काही राज्यांनी शालेय पुस्तकांच्या छाननीचे नियम कडक केले. फ्लॉरिडात २०२२ च्या कायद्यानंतर प्रशिक्षित ग्रंथपालाची मंजुरी बंधनकारक झाली आणि काही शिक्षकांनी वर्गातली कपाटे बंद केली. मुलांच्या निवडीवर उभ्या असलेल्या पद्धतीला निवडीची पुस्तकेच कमी पडू लागली.

अमेरिकेबाहेर

ब्रिटनमध्ये एडन चेंबर्स यांनी याच प्रश्नावर स्वतंत्रपणे काम केले. १९९३ च्या ‘टेल मी’ या पुस्तकात त्यांनी शिक्षकाला ‘का?’ हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगितले, कारण तो मुलाला परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले आणि कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसल्या, या चार साध्या विचारणांनी चर्चा सुरू करावी, असे त्यांनी सुचवले. चेंबर्स यांची मांडणी भारतातील बालग्रंथालय चळवळीपर्यंत पोहोचली आहे. टाटा ट्रस्ट्सचा ‘पराग’ उपक्रम आणि गोव्यातील ‘बुकवर्म’ ग्रंथालय यांच्या कामात मुलांशी पुस्तकांवर गप्पा मारण्याला महत्त्वाचे स्थान आहे. येथे बहुधा कादंबरीऐवजी चित्रपुस्तक किंवा कथा घेतली जाते आणि चर्चा प्रौढ व्यक्ती चालवते, त्यामुळे ही रीत अमेरिकन मंडळापेक्षा ‘टेल मी’च्या अधिक जवळची आहे.

अमेरिकन वर्गात आज वाचनमंडळ क्वचितच एकटे चालते. अक्षर-ध्वनींचे शिक्षण, शिक्षकाने चालवलेले मार्गदर्शित वाचन आणि एकट्याचे मूक वाचन यांच्या जोडीला ते वर्षातून काही आठवडे घेतले जाते. चाळीस वर्षांच्या अनुभवातून त्याच्या अटी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. खरोखर निवडता येईल इतकी पुस्तके, प्रत्येक पुस्तकाच्या पुरेशा प्रती, ऐकायला आणि वाद घालायला आधी शिकवण्याची शिक्षकाची तयारी आणि त्यानंतर गप्प राहून ऐकण्याचा त्याचा संयम, एवढे असेल तर मुले पुस्तकाला स्वतःचे प्रश्न विचारतात.